सातवे अक्षर
अमेरिकन मसल कारचा जीर्णोद्धार आणि त्यातून निसटलेली माणसे

१

बी-एस-२-७-आर-१-बी. जुन्या अमेरिकन मोटारींच्या जाणकारापुढे ही सात चिन्हे नुसती उच्चारली, तरी तो सावरून बसतो. क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ विभागाने काढलेल्या एका मोटारीच्या ओळखक्रमांकाची, म्हणजे आपण ज्याला चॅसी नंबर म्हणतो त्याची, ही सुरुवात आहे. पहिला बी म्हणजे बॅराकुडा हे मॉडेल. एस म्हणजे त्यातली ’कुडा ही दणकट श्रेणी. २७ म्हणजे उघड्या टपाची गाडी. आर म्हणजे ४२६ घन इंचांचे हेमी इंजिन. १ म्हणजे १९७१ हे साल. या वर्णनाच्या, म्हणजे १९७१ च्या, हेमी इंजिनाच्या आणि उघड्या टपाच्या ’कुडा गाड्या फक्त ११ निघाल्या. त्यांतली एक २०१४ साली सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेली.

ही सगळी किंमत पाचव्या चिन्हाची आहे. आरच्या जागी दुसरे अक्षर असते, तर तीच गाडी, तोच रंग आणि तोच टप यांना त्या रकमेचा लहानसा अंशच मिळाला असता. म्हणून लिलावांच्या सूच्या, संग्राहकांची मासिके, परीक्षकांची टिपणे सारी या पाचव्या अक्षराभोवती फिरतात. सातव्या चिन्हाचा, म्हणजे शेवटच्या बीचा, अर्थही प्रत्येक जाणकाराला तोंडपाठ असतो: हॅमट्रॅम्क, मिशिगन. गाडी कुठल्या कारखान्यात जुळली ते हे अक्षर सांगते. ते तपासले जाते, बरोबर असल्याची खूण केली जाते आणि वाचणारा पुढे सरकतो.

गेली काही वर्षे मी या सूच्या आणि मासिके वाचतो आहे. ते वाङ्मय हलक्यात घेण्यासारखे नाही. त्याची स्वतःची परिभाषा आहे, प्रमाणशास्त्र आहे, वादाचे नियम आहेत. जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेशी त्याचे नाते जोडता येईल इतके ते काटेकोर आहे. माझी तक्रार एवढीच, की इतक्या काटेकोर वाचकांनी सातवे अक्षर कधी वाचलेच नाही.

२

मसल कार म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवे. मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत मोठ्या गाडीचे अवजड इंजिन बसवायचे, ही तिची सारी कल्पना. १९६४ ची पाँटियॅक जीटीओ ही या वंशाची मूळ गाडी मानली जाते. मध्यम गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. ३८९ घन इंचांचे इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता टेम्पेस्ट ल मान्सवरचा ‘पर्याय’ म्हणून दिले. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डची मस्टँग अवतरली, आणि पंचविशीतला पगारदार हाच पुढच्या सहा-सात वर्षांचा गिऱ्हाईक ठरला.

शेवटही लवकर आला. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते भरमसाट वाढवले. १९७० मध्ये हवा शुद्धीकरणाचा संघराज्यीय कायदा झाला, इंजिनांचे दाब उतरवावे लागले. हेमीचे शेवटचे वर्ष १९७१. १९७३ च्या तेलटंचाईने उरलेसुरले संपवले. ज्या गाड्या आज दुर्मीळ म्हणून पूजल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच त्या काळी खपत नव्हत्या म्हणून दुर्मीळ आहेत. हेमी इंजिनाला वर सुमारे ८७१ डॉलर मोजावे लागत. विम्याचा हप्ता वेगळाच. उघड्या टपाच्या ११ गाड्या निघाल्या त्या कंपनीने जपून काढल्या म्हणून नव्हे. बारावा गिऱ्हाईकच आला नाही.

३

आता जीर्णोद्धाराकडे येऊ. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार म्हटले, की काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढतो आणि समोर टाइल्सचा मंडप येतो. जुन्या मोटारींच्या जगातही १९८० च्या आसपास असेच चालले होते. कारखान्यातून कधी निघाली नसेल इतकी गुळगुळीत, आरशासारखी गाडी करायची, मग प्रदर्शनात मांडायची. पुढे दृष्टी बदलली. ‘गाडी अति सुंदर झाली आहे’ हा दोष ठरू लागला. निकष झाला तो असा: कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना ती जशी होती, नेमकी तशी.

या निकषातून जे शास्त्र उभे राहिले, ते थक्क करणारे आहे. इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या अंगावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. काचेवरचे, अल्टरनेटरवरचे, कार्ब्युरेटरवरचे तारीख-संकेत गाडीच्या बांधणीच्या तारखेच्या थोडे आधीचे हवेत. नंतरचे असतील तर भाग बदललेला आहे. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांची मूळ नोंद एका परवानाधारकाकडे आहे, तिचा उतारा मागवता येतो. क्रायस्लरच्या या गाड्यांना तशी सोय नाही. तिथे पुरावा म्हणजे एक कागद. जुळणीच्या साखळीवर कुठल्या गाडीला काय बसवायचे हे सांगणारा तो छापील तक्ता काम झाल्यावर कामगार कुठेतरी कोंबून टाकत, बहुधा सीटच्या स्प्रिंगांमध्ये. पन्नास वर्षांनी सीट उसवली जाते आणि उंदरांनी कुरतडलेला तो कागद सापडतो. तो सापडला, की गाडीला कुळ मिळते.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो खुणांचा भाग. इलिनॉयमधल्या रोझमाँटला दर नोव्हेंबरमध्ये मसल कार आणि कॉर्व्हेट यांचे मोठे प्रदर्शन भरते. अशा ठिकाणी परीक्षक बॅटरी आणि आरसा घेऊन गाडीखाली वाकतात. काय शोधतात? बोल्ट आवळल्याची खूण म्हणून तपासनिसाने मारलेला रंगाचा ठिपका. इंजिनामागच्या पत्र्यावर खडूने ओढलेली रेघ किंवा आकडा. दरवाजाचा रंग मारताना फवाऱ्यातून तळाच्या पत्र्यावर उडालेला तुषार. घाईत ओघळलेला, तसाच वाळलेला डांबरी लेप.

म्हणजे जीर्णोद्धार करणारा कारागीर आधी गाडी पत्र्यापर्यंत उघडी करतो, गंज काढतो, डेन्टिंग करतो, आणि मग जुन्या छायाचित्रांवरून, न उघडलेल्या दुसऱ्या गाड्यांवरून, तो ओघळ पुन्हा काढतो. खडूची रेघ त्याच तिरपेपणाने ओढतो. मूळ रेघ ओढणाऱ्याला दोन-तीन सेकंद लागले असतील. तिची नक्कल करणाऱ्याचे आठवडे जातात.

हे हास्यास्पद आहे असे मला म्हणायचे नाही. उलट ही श्रमाला दिलेली एक विलक्षण दाद आहे. कारखान्यातल्या एका अनाम हाताची हालचाल इतक्या निष्ठेने जपणारा दुसरा छंद मला माहीत नाही. पण दाद ज्याला द्यायची, तो मात्र तिथे नाही. मासिकात या खुणेला ‘कारखान्याची खूण’ म्हणतात. कारखान्याला हात नसतात.

४

हॅमट्रॅम्क ही डेट्रॉइटने जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेली छोटी नगरपालिका. तिथला बहुमजली कारखाना डॉज बंधूंनी १९१० पासून बांधत नेला. लोक त्याला ‘डॉज मेन’ म्हणत. सुरुवातीचे कामगार मोठ्या संख्येने पोलंडहून आलेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे कृष्णवर्णीय कामगार बहुसंख्य होऊ लागले होते. मुकादम आणि कामगार संघटनेचे पुढारी मात्र जवळजवळ सगळे गोरे होते. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइट पेटले आणि ४३ माणसे मेली.

२ मे १९६८ रोजी डॉज मेनमध्ये साखळीचा वेग वाढवल्याविरुद्ध अचानक संप झाला. संघटनेची मान्यता नसलेला हा संप काळ्या-गोऱ्या दोन्ही कामगारांचा होता. शिक्षेची वाटणी मात्र सारखी झाली नाही. बडतर्फीची कुऱ्हाड मुख्यतः कृष्णवर्णीयांवर पडली. बडतर्फ झालेल्यांत जनरल बेकर होते. ‘जनरल’ हे त्यांचे नाव, पद नव्हे. त्या संपातून ‘डॉज रिव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट’ उभी राहिली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार होतो ‘ड्रम’. तिचे पत्रक कारखान्याच्या दारावर वाटले जाई. जुलैमध्ये तिने पुन्हा काम थांबवले. वर्षभरात शहरातल्या इतर कारखान्यांतही अशा संघटना निघाल्या आणि १९६९ मध्ये त्यांची एक लीग झाली. डॅन जॉर्जाकस आणि मार्विन सर्किन यांच्या ‘डेट्रॉइट: आय डू माइंड डाइंग’ या १९७५ च्या पुस्तकात हा इतिहास सविस्तर आला आहे.

या लढ्याचा मुख्य शब्द होता वेग. साखळी जवळजवळ मिनिटाला एक गाडी पुढे ढकलत होती, आणि तेवढ्या वेळात ज्याचे काम पुरे होत नसे तो गाडीबरोबर पुढच्याच्या अंगावर चालत जाई. १९६९ च्या उन्हाळ्यानंतर याच साखळीवर नवी बॅराकुडा आणि डॉज चॅलेंजर जुळू लागल्या. हेमी ’कुडा त्यांतलीच.

आता पुन्हा त्या ओघळाकडे पाहा. परीक्षक ज्याला ‘अचूक’ म्हणून गुण देतो, तो ओघळ लेप मारणाऱ्याला दुसरा हात मारायला वेळ नव्हता म्हणून ओघळला आहे. उडालेला तुषार, वाकडा बसलेला स्टिकर, अर्धवट पुसलेली खडूची रेघ, ही सगळी त्या वाढवलेल्या वेगाची नोंद आहे. डॉज मेनचे कामगार ज्याविरुद्ध दारावर उभे राहिले, त्याचाच उमटलेला ठसा आज पस्तीस लाख डॉलरच्या गाडीच्या पोटाखाली आरशातून पाहून पडताळला जातो. हा ठसा कशाचा, असे विचारणारा रकाना परीक्षकाच्या कागदावर नाही.

५

जीर्णोद्धार न केलेल्या गाडीचे उदाहरण घेऊ. ८-आर-०-२-एस-१२५५५९ ही १९६८ ची गडद हिरवी मस्टँग ‘बुलिट’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर पळवली. १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका विमा अधिकाऱ्याने मासिकातली जाहिरात पाहून ती ६,००० डॉलरना घेतली. त्याची पत्नी शिक्षिका होती, ती हीच गाडी घेऊन शाळेत जाई. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीन यांनी पत्र पाठवून गाडी परत मागितली. कुटुंबाने दिली नाही. १९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी गॅरेजात उभी राहिली. ती जगासमोर आली थेट जानेवारी २०१८ मध्ये, डेट्रॉइटच्या प्रदर्शनात. जानेवारी २०२० मध्ये फ्लॉरिडातल्या लिलावात तिला ३४ लाख डॉलरची बोली लागली. शुल्क धरून ३७ लाख ४० हजार.

या कुटुंबाने एक मोठी गोष्ट केली. त्यांनी गाडी चालती केली, पण वरून रंगवली नाही. कॅमेरा बसवण्यासाठी जोडलेले लोखंड, पोचे, गंज, विटलेला रंग, सगळे राहू दिले. त्यामुळे चित्रपटामागची माणसे गाडीवर अजून दिसतात. मॅक्स बाल्चॉवस्की यांनी तिचे सस्पेन्शन मजबूत केले. धोक्याच्या प्रसंगांतले बरेच चालवणे बड एकिन्स आणि लॉरेन जेन्स यांचे. पाठलागाला जी लय आली तिच्यासाठी संकलक फ्रँक केलर यांना ऑस्कर मिळाले. लिलावात नाव एकट्या मॅक्वीन यांचे झाले हे खरे, पण जाणकारांच्या लेखनात बाकीची नावे आदराने येतात. चित्रपटातल्या कष्टकऱ्यांची नोंद घेणे या वाङ्मयाला जमते, याचा हा पुरावा.

मग त्या क्रमांकातले दुसरे चिन्ह वाचू. फोर्डच्या पद्धतीत कारखान्याचे अक्षर दुसरे येते. आर म्हणजे सॅन होजे. कारखाना खरे तर शेजारच्या मिल्पिटास गावात होता. १९५५ मध्ये फोर्डने रिचमंडचा कारखाना बंद करून काम तिथे हलवले. गोऱ्या कामगारांना नव्या गावात घरे मिळाली. कृष्णवर्णीयांना कुणी घर विकेना, त्यांना दूरवरून रोज ये-जा करावी लागे. तेव्हा कामगार संघटनेने पुढाकार घेऊन सनीहिल्स ही सर्वांना खुली वसाहत उभी केली. त्या कामात पुढे असलेले बेन ग्रॉस हे फोर्डचेच कृष्णवर्णीय कामगार. १९६६ मध्ये ते मिल्पिटासचे महापौर झाले. ही हिरवी मस्टँग त्या कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा गावाचा महापौर त्याच कारखान्याच्या कामगारांतून आलेला होता. या गाडीविषयी भरपूर लिहिले गेले आहे. मी जेवढे वाचले, त्यात हे वाक्य मला कुठे आढळले नाही. कारखाना १९८३ मध्ये बंद झाला आणि १९९४ मध्ये त्याच इमारतीत मॉल सुरू झाला.

६

मालकांविषयी सरसकट बोलणे अन्याय्य होईल, हे दाखवणारी एक गाडी आहे. तिला ‘ब्लॅक घोस्ट’ म्हणतात. १९७० ची काळी डॉज चॅलेंजर, हेमी इंजिन, चार गिअर, टपावर मगरीच्या कातडीसारखे व्हिनाइल. सातवे अक्षर बी. ती नवी कोरी घेणारे गॉडफ्रे क्वाल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ. लष्करात सेवा केलेले, आणि नोकरी डेट्रॉइट पोलिसांत, मोटरसायकल पथकात. रात्री वुडवर्ड अव्हेन्यूच्या परिसरात ही गाडी अचानक येई, शर्यत मारी आणि नाहीशी होई. चालवणारा कोण, ते ठाऊक नसे. ज्याने वेगाबद्दल दंड करायचा, तोच तो होता. पुढे ही गाडी वर्षानुवर्षे गॅरेजात राहिली. २०१५ मध्ये ते वारले, गाडी मुलाकडे आली. २०२० मध्ये ती ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाली, आणि २०२३ मध्ये शुल्क धरून दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली.

मसल कारचे प्रचलित चित्र उपनगरातल्या गोऱ्या तरुणाचे आहे. ब्लॅक घोस्टने ते चित्र दुरुस्त केले, आणि संग्राहकांच्या जगाने ही दुरुस्ती मनापासून स्वीकारली, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण इथेही मला अर्धेच वाक्य ऐकू येते. डेट्रॉइटचा एक कृष्णवर्णीय माणूस ही गाडी चालवत होता, हे आता सर्वांना माहीत आहे. त्याच शहराच्या पोटातल्या हॅमट्रॅम्कमध्ये त्याच्याच समाजाची माणसे ती जुळवत होती, आणि त्याच सुमारास त्या कामाच्या अटींवर लढत होती, हे दुसरे अर्धे. दोन्ही अर्धी एकाच गाडीच्या अंगावर आहेत. पहिल्याला कथा मिळाली, दुसऱ्याला एक अक्षर.

७

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. मोटारीच्या पारख्याकडून कामगार चळवळीचा इतिहास कशाला मागायचा? सोनाराने खाणीचा इतिहास सांगितला पाहिजे का?

सोनार इतिहासाचा दावा करत नाही. हे लोक करतात. ‘ऐतिहासिक महत्त्व’ हा शब्द लिलावाच्या सूचीत किंमत वाढवण्यासाठी वापरला जातो. ‘अस्सल’ या शब्दावर लाखो डॉलर फिरतात. अस्सल म्हणजे जसे घडले तसे, अशी त्यांची स्वतःचीच व्याख्या. मग कसे घडले या प्रश्नाचे उत्तर खडूच्या रेघेपाशी थांबवता येत नाही. रेघ अस्सल आहे की नकली, हे ठरवताना ती कुठल्या खात्यात, साखळीच्या कुठल्या टप्प्यावर ओढली जाई, इथपर्यंत ते जातात. आणखी एक पाऊल टाकले तर माणूस भेटतो. नेमके तेच पाऊल पडत नाही.

याचे एक कारण मला बाजारात दिसते. क्रमांक जुळणे मोजता येते, दुर्मीळता मोजता येते. खडू कुणी धरला होता हे कळल्याने किंमत वाढत नाही. दुसरे कारण अधिक हळवे आहे. गाडी जपणाऱ्याला आपले तारुण्य, किंवा वडिलांचे तारुण्य, परत हवे असते. त्या तारुण्यात कारखान्याचे दार, पत्रके आणि बडतर्फीच्या चिठ्ठ्या नको असतात. ते समजण्यासारखे आहे. पण मग त्याला स्मरणरंजन म्हणावे, इतिहास म्हणू नये.

आणि तरी शेवटी माझे माप संग्राहकांच्याच पारड्यात पडते. कारण डॉज मेन आता नाही. जानेवारी १९८० मध्ये तो बंद झाला, १९८१ मध्ये पाडला गेला. त्या जागेवर आणि लगतच्या पोलटाउन वस्तीवर जनरल मोटर्सचा नवा कारखाना आला. त्यासाठी चार हजारांवर लोकांना घरे सोडावी लागली आणि मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. आज तिथे विजेवर चालणाऱ्या गाड्या बनतात. बहुमजली इमारत गेली, साखळी गेली, माणसेही एकेक करून गेली. त्यांच्या हातच्या खुणा मात्र राहिल्या, त्या फक्त या गाड्यांच्या पोटाशी. इतिहासकारांनी त्या जपल्या नाहीत, संघटनांनी जपल्या नाहीत. जपल्या त्या आरसा घेऊन गाडीखाली वाकणाऱ्या हौशी माणसांनी, कशाच्या आहेत हे न विचारता.

दप्तर त्यांनी सांभाळले आहे. आता ते वाचायला हवे. रोझमाँटच्या प्रदर्शनात प्रत्येक गाडीसमोर तिच्या पर्यायांची यादी लावलेली असते: इंजिन, रंग, टप, गिअर. त्या यादीच्या तळाशी आणखी एक ओळ घालायला काहीच खर्च नाही. ‘बी: हॅमट्रॅम्क. या वर्षी इथे काम करणारी माणसे वेगाविरुद्ध लढत होती.’ त्या ओळीने गाडीची किंमत एका डॉलरनेही वाढणार नाही. पण तिच्यासमोर वाकलेल्या माणसाला तो ओघळ पहिल्यांदाच दिसेल.